ब्लॅक थिऑलॉजी मी शिकवावी का?

पत्र

प्रभू येशूच्या नावात सलाम. मी मूळची नगरची, एका पाळकाची मुलगी. गेली अकरा वर्षे इंग्लंडमध्ये आहे आणि मिडलंड्समधल्या एका ईश्वरविज्ञान (थिऑलॉजी) महाविद्यालयात जुना करार व हिब्रू शिकवते. आमच्याकडे मुख्यतः चर्चच्या सेवेसाठी निवडलेले उमेदवार शिकतात. ब्लॅक थिऑलॉजी, म्हणजे काळ्या लोकांच्या अनुभवातून देवाचा विचार करणारे ईश्वरविज्ञान, शिकवणाऱ्या सहकारी बाई यंदा दुसरीकडे गेल्या आणि तो विषय माझ्याकडे आला. "तुम्हीच योग्य आहात," असे मला सांगण्यात आले. शिक्षकवर्गात गोरी नसलेली मी एकटीच आहे, हे कोणी बोलून दाखवले नाही.

वर्गात चौदा जण आहेत. त्यांत तिघे कृष्णवर्णीय: एकीचे आजोबा जमैकाहून आले, एक नायजेरियाचा पेंटेकॉस्टल पाळक आणि एक झिम्बाब्वेची प्रौढ विद्यार्थिनी. दोघे आशियाई: एक श्रीलंकेचा तमिळ, एक इथेच जन्मलेली पंजाबी मुलगी. दुसऱ्याच आठवड्यात एका गोऱ्या विद्यार्थ्याने विचारले, की बायबलमधल्या गलतीकरांच्या पत्रात ख्रिस्तात सर्व एक आहेत असे लिहिले असताना काळ्यांचे वेगळे ईश्वरविज्ञान कशाला? सगळा वर्ग त्या जमैकन घराण्यातल्या मुलीकडे वळून पाहू लागला. ती काही बोलली नाही आणि पुढच्या तासाला आलीही नाही. नायजेरियन पाळकांना हा विषय म्हणजे राजकारण वाटते. पंजाबी मुलगी विचारते, "यात मी कुठे आहे?" झिम्बाब्वेच्या बाईंनी आपल्या आजीच्या साक्षीवर निबंध लिहिला, मी ६८ गुण दिले, दुसऱ्या परीक्षकांनी ५२, आणि शेरा मारला, 'ही साक्ष आहे, विश्लेषण नाही.' येत्या गुरुवारी त्यावर बैठक आहे.

ही सगळी मुले माझ्या खोलीत येऊन मन मोकळे करतात. मी ऐकते आणि घरी जाऊन झोप लागत नाही. हा विषय शिकवण्याचा मला अधिकार आहे का? आणि या मुलांच्या पाठीशी मी नेमके कसे उभे राहावे?

उत्तर

प्रिय भगिनी, सलाम.

अधिकाराचा प्रश्न तुम्ही महत्त्वाचा मानता हे मला दिसते, पण त्याकडे मी नंतर येतो. तो आणखी काही महिने तुमच्याजवळ राहिला तरी बिघडणार नाही. गुरुवार मात्र थांबणार नाही.

तो निबंध मी वाचलेला नाही, त्यामुळे ६८ बरोबर की ५२ हे मी सांगू शकत नाही. मात्र 'साक्ष आहे, विश्लेषण नाही' या शेऱ्यात दोन निराळे आक्षेप एकत्र आले आहेत, आणि ते वेगळे करून घेणे हे बैठकीतले तुमचे पहिले काम आहे. साक्ष हे अभ्यासाचे साधनच होऊ शकत नाही, असे तुमच्या सहकाऱ्यांना म्हणायचे असेल, तर ते या विषयाच्या मुळावरच घाव घालत आहेत. कृष्णवर्णीय अमेरिकी पाळक व लेखक हॉवर्ड थर्मन यांची आजी गुलामगिरीत वाढली होती. तिला वाचता येत नसे, म्हणून लहान हॉवर्ड तिला शास्त्र वाचून दाखवी. पण पौलाची पत्रे ती वाचू देत नसे, फार तर १ करिंथकरांसमधला प्रीतीचा तेरावा अध्याय. मोठेपणी त्यांनी कारण विचारले तेव्हा तिने सांगितले, की मालकाचा गोरा पाळक गुलामांपुढे उपदेशाला उभा राहिला की दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे हेच पौलाचे वचन घेई, आणि आपण कधी मोकळे झालो व वाचायला शिकलो तर बायबलचा तो भाग वाचायचा नाही, असे तिने देवाला वचन देऊन ठेवले होते. ही हकिकत थर्मन यांनी १९४९ साली 'जीझस अँड द डिसइनहेरिटेड' या पुस्तकात दिली, पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. म्हातारीचा तो नकार हाती धरून त्यांनी पौल हा रोमी नागरिक होता आणि येशूला ते कवच नव्हते, हा फरक उलगडला आणि त्यातून सुवार्ता कोणाच्या बाजूने वाचायची हा प्रश्न मांडला. संत ऑगस्टीनने आपल्या आईविषयी आणि किशोरवयात चोरलेल्या फळांविषयी लिहिले ते आपण दीड हजार वर्षे ईश्वरविज्ञान म्हणून वाचतोच आहोत. तोही आफ्रिकेचाच होता, ही गोष्ट वेगळी.

आता दुसरा आक्षेप. साक्ष दिली, पण तिला प्रश्न विचारले नाहीत, असे त्यांचे म्हणणे असेल, तर ते कदाचित बरोबर असेल आणि तुमचे ६८ गुण कदाचित मायेपोटी पडले असतील. हे मी कठोरपणे लिहीत आहे, कारण दयेने दिलेले गुण विद्यार्थ्याला ओळखू येतात आणि कमी गुणांइतकेच लागतात. म्हणून गुरुवारी निबंध आणि छापील निकष दोन्ही टेबलावर ठेवा आणि कोणत्या निकषात, कोणत्या पानावर निबंध कमी पडतो ते दाखवण्याची विनंती करा. तुम्हीही तुमच्या गुणांसाठी तेच करा. काहीही झाले तरी दोहोंच्या मधला ६० हा आकडा काढून घरी येऊ नका. त्या आकड्याने दोन शिक्षकांचे भांडण मिटेल, पण निबंध कसा होता हे त्या बाईंना कधीच कळणार नाही. एकमत झाले नाही, तर निबंध तिसऱ्या किंवा बहिःस्थ परीक्षकांकडे पाठवण्याचा आग्रह धरा. ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या आणि विद्यार्थी संघटनेच्या २०१९ च्या संयुक्त अहवालात वरच्या श्रेणीची पदवी मिळवणाऱ्या गोऱ्या आणि गोऱ्या नसलेल्या विद्यार्थ्यांमध्ये १३ टक्क्यांचे अंतर नोंदले होते. विद्यार्थी काय 'मिळवतात' यापेक्षा संस्था त्यांना काय 'देते' याकडे आता तिथले लोक बोट दाखवतात, ते अशाच बैठकांमुळे. पुढचा निबंध देण्याआधी मात्र वर्गात एक पूर्ण तास साक्ष कशी वापरावी यावर घाला: बोलणारे कोण, कोणापुढे बोलले, काय गाळले, त्याच प्रसंगाची दुसरी साक्ष कोणती. हा तास चौदाही जणांसाठी आहे. गोऱ्या विद्यार्थ्यांनाही आजी असतात.

गलतीकरांचा प्रश्न विचारणाऱ्या विद्यार्थ्यावर तुम्ही रागावल्या नाहीत, हे पत्रावरून दिसते आणि ते योग्यच झाले. प्रश्न चांगला आहे. चूक झाली ती पुढच्या क्षणी, जेव्हा वर्गाने उत्तराच्या अपेक्षेने एका मुलीकडे पाहिले आणि शिक्षिकेने ती नजर अडवली नाही. मला बोलण्याचा अधिकार आहे, कारण मी याहून वाईट केले आहे. फार वर्षांपूर्वी काही महिने मी इंग्लंडमधल्या एका संस्थेत पाहुणा म्हणून शिकवत होतो, आणि वर्गातल्या एकमेव कृष्णवर्णीय विद्यार्थिनीला मी मोठ्या आस्थेने विचारले होते, "तुमच्याकडे या वचनाचा अर्थ कसा लावतात?" ती म्हणाली, "आमच्याकडे म्हणजे वुल्व्हरहॅम्प्टनला का, सर?" वर्ग हसला, मीही हसलो, पण त्या दिवसापासून ती मागच्या बाकावर बसू लागली, ते मला कितीतरी उशिरा लक्षात आले.

त्या प्रश्नाचे उत्तर तुम्ही पुढच्या तासाला द्या, आणि ते मतांनी न देता एका पुस्तकाने द्या. १८०७ साली लंडनमध्ये ब्रिटिश वेस्ट इंडीजमधल्या गुलामांसाठी बायबलचे निवडक भाग छापण्यात आले. आज ते 'स्लेव्ह बायबल' म्हणून ओळखले जाते. योसेफ गुलाम म्हणून विकला गेला आणि मालकाच्या घरी इमानाने राबला, ती कथा त्यात आहे. मोशेने फारोपुढे उभे राहून लोकांना मिसरातून बाहेर काढले, ती नाही. दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे, हे इफिसकरांच्या पत्रातले वचन आहे. आणि ख्रिस्तात दास नाही व स्वतंत्र नाही, हे गलतीकरांच्या पत्रातले वचन गाळले आहे. तुमच्या विद्यार्थ्याने ब्लॅक थिऑलॉजी अनावश्यक ठरवण्यासाठी जे वचन पुढे केले, तेच वचन गुलामांच्या हाती पडू नये अशी खबरदारी ख्रिस्ती माणसांनीच घेतली होती. वर्गाला एवढेच विचारा, की संपादकांना त्या वचनाची भीती का वाटली असेल. आणि मग गप्प राहा. त्या शांततेत पहिल्याने बोलण्याची जबाबदारी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांवर पडणार नाही, कारण प्रश्न संपादकांविषयी आहे.

माझ्या मते तुमच्या अडचणीचे मूळ इथेच आहे. हा विषय तुमच्या महाविद्यालयात 'काळ्या लोकांविषयीचे ईश्वरविज्ञान' म्हणून बसवलेला दिसतो, म्हणजे ज्यांचा तो आहे त्यांनी बोलावे आणि बाकीच्यांनी सहानुभूतीने ऐकावे असा. जेम्स कोन यांनी १९६९ मध्ये 'ब्लॅक थिऑलॉजी अँड ब्लॅक पॉवर' लिहिले ते यासाठी नव्हे. आर्कान्सासच्या एका छोट्या गावात आफ्रिकन मेथॉडिस्ट मंडळीत वाढलेला हा माणूस स्विस ईश्वरविज्ञानी कार्ल बार्टवर प्रबंध लिहून पंडित झाला होता. १९६७ मध्ये डेट्रॉइट शहर काळ्यांच्या उठावाने पेटले तेव्हा बार्टविषयी आपल्याला जे येते त्याचा त्या रस्त्यावरच्या माणसांना काय उपयोग, या प्रश्नाने त्यांना गाठले. त्यांचे विधान देवाविषयी होते: जो देव बायबलच्या निर्गम या पुस्तकात दासांची बाजू घेतो, तो अमेरिकेत तटस्थ राहील असे मानणे म्हणजे वेगळ्याच देवाची उपासना करणे होय. हे विधान खरे असेल, तर ते वर्गातल्या नऊ गोऱ्या विद्यार्थ्यांच्या उपदेशालाही लागू आहे. आणि खोटे असेल, तर ते त्यांनी शास्त्राने खोडून दाखवले पाहिजे. दोन्ही बाबतीत त्यांना प्रेक्षक म्हणून बसता येत नाही.

सुरुवात मात्र अमेरिकेपासून करू नका. इंग्रज विद्यार्थ्यांना अमेरिकेचे पाप वाचायला आवडते, कारण त्याच्यामध्ये अटलांटिक महासागर असतो. आधी बार्बाडोसला न्या. तिथल्या कॉड्रिंग्टन मळ्यांची मालकी १७१० नंतर इंग्लंडच्या एका मिशनरी सोसायटीकडे आली आणि तिथल्या गुलामांच्या छातीवर 'सोसायटी' हा शब्द तापल्या लोखंडाने डागलेला असे. त्या सोसायटीचे काम सुवार्ताप्रसार हेच होते. मग जमैकाला न्या: सॅम शार्प हा बाप्टिस्ट डीकन होता, १८३१ च्या नाताळात त्याने मळ्यांवरचे काम बंद पाडण्याची हाक दिली, उठाव पेटला आणि मे १८३२ मध्ये त्याला फाशी झाली, पुढच्याच वर्षी पार्लमेंटने गुलामगिरी रद्द करण्याचा कायदा केला. कोणत्या बायबलच्या आधारे त्याने हे केले, हा प्रश्न स्लेव्ह बायबलच्या शेजारी ठेवला की तास आपोआप चालतो. मग १९४८ साली कॅरिबियनमधून स्थलांतरितांना घेऊन आलेल्या विंडरश बोटीपासून पुढे कॅरिबियन अँग्लिकन लोकांना इंग्लंडच्या मंडळ्यांत कसे वागवले गेले, याबद्दल चर्च ऑफ इंग्लंडच्या सिनडने (धर्मसभेने) २०२० मध्ये क्षमा मागितली तो ठराव वाचा. रॉबर्ट बेकफर्ड यांचे 'जीझस इज ड्रेड' (१९९८) त्यानंतर द्या, म्हणजे बर्मिंगहॅमच्या रस्त्यांवरचा आणि तिथल्या पेंटेकॉस्टल चर्चमधला आवाज ऐकू येईल. कोन त्यानंतर आले तर बरे.

तुमचे स्वतःचे बळ जुना करार हे आहे आणि ते तुम्ही या विषयात अजून वापरलेले दिसत नाही. सारेची दासी हागार, हिचे दोन अध्याय घ्या, उत्पत्ती सोळा आणि एकवीस, आणि ते हिब्रूतून शिकवा. कोन निर्गमावर उभे राहिले. कृष्णवर्णीय ईश्वरविज्ञानी डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ मध्ये 'सिस्टर्स इन द वाइल्डरनेस' लिहून त्यांनाच विचारले, की या मिसरी दासीचे काय? ती रानात पळून जाते तेव्हा देवदूत तिला मालकिणीकडे परत जायला सांगतो. इथे फारोही नाही आणि दुभंगलेला समुद्रही नाही. एक गर्भार बाई आहे, पाण्याचा झरा आहे आणि तिने देवाला दिलेले नाव आहे. काळ्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या जगण्याचा मार्ग काढला तो असा, मुक्तीच्या आधीचा आणि मुक्ती नसतानाचा. विल्यम्स यांचे हे म्हणणे तुमच्याइतके हिब्रू येणाऱ्या शिक्षिकेने शब्दाशब्दावर थांबून शिकवले, तर त्यात जी खोली येईल ती आधीच्या कोणाच्या तासात आली नसेल. त्याच तासाच्या शेवटी गीतरत्नाच्या पहिल्या अध्यायातले पाचवे वचन फळ्यावर लिहा. मुलगी म्हणते, मी काळी आहे, आणि मग एक 'वाव' येतो, आणि मग म्हणते, मी सुंदर आहे. हिब्रूतल्या त्या एका अक्षराचा अर्थ 'आणि' असाही होतो व 'पण' असाही. बायबलचा प्राचीन भाषांतरकार जेरोमने लॅटिनमध्ये 'पण' केले, जुन्या इंग्रजी भाषांतरानेही 'पण' केले. सप्तती या प्राचीन ग्रीक भाषांतरात 'आणि' आहे, आणि अलीकडच्या काही इंग्रजी भाषांतरांनी तेच उचलले. तुमच्या घरातल्या मराठी बायबलमध्ये काय आहे ते पाहा आणि वर्गाला सांगा. त्याबरोबर आपल्याकडच्या स्थळांच्या जाहिरातींत 'गोरी' हा शब्द कसा येतो, तेही सांगा. ते तुम्हीच सांगितले पाहिजे.

नायजेरियन पाळकांना विषयाच्या बाजूने वळवण्याचा प्रयत्न करू नका. ते बहुसंख्य कृष्णवर्णीय देशात वाढले, तिथे त्यांना रोज उठून आपला रंग आठवावा लागत नव्हता, आणि इंग्लंडच्या विमानतळावर ते 'ब्लॅक' झाले. त्यांची अस्वस्थता खरी आहे आणि ती या विषयात आधीपासून आहे. जे. डिओटिस रॉबर्ट्स यांनी १९७१ मध्येच कोन यांना सुनावले, की मुक्तीबरोबर समेटाचे बोला. विल्यम जोन्स यांनी १९७३ मध्ये दुसऱ्या टोकाने विचारले, की देव खरोखर काळ्यांच्या बाजूने असेल तर त्याचा पुरावा कुठे आहे? कोन यांचे सख्खे भाऊ सेसिल यांनी त्यांच्यावर टीका केली, की तुमचे ईश्वरविज्ञान काळ्या मंडळीच्या उपासनेपेक्षा गोऱ्यांच्या विद्यापीठातून आले आहे. हे तिन्ही लेखक त्या पाळकांना वाचायला द्या आणि त्यांपैकी आपण कोणाच्या जवळ आहोत यावर निबंध मागा. कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने ब्लॅक थिऑलॉजीशी सहमत असलेच पाहिजे, ही अपेक्षासुद्धा त्याच्या रंगावरूनच केलेली असते.

'यात मी कुठे आहे?' हा पंजाबी मुलीचा प्रश्न मला सर्वांत अवघड वाटतो, कारण त्याला देण्याजोगी दोन सोपी उत्तरे आहेत आणि दोन्ही चुकीची आहेत. पहिले उत्तर असे, की ब्लॅक या शब्दात तूही आलीस. सत्तर-ऐंशीच्या दशकांत ब्रिटनमध्ये आशियाई आणि कॅरिबियन कामगारांनी, संघटनांनी हा शब्द एकत्र वापरला होता, दक्षिण आफ्रिकेत स्टीव्ह बिको यांच्या वर्णभेदविरोधी चळवळीने भारतीयांनाही त्यात धरले होते, आणि त्या एकजुटीला किंमत होती. पण आज त्या मुलीच्या पिढीतले बहुतेक जण स्वतःला त्या शब्दाने ओळखत नाहीत, आणि अनेक कृष्णवर्णीय लोकांनाही तो शब्द उसना दिलेला आवडत नाही. दुसरे चुकीचे उत्तर म्हणजे शेवटच्या आठवड्यात 'आशियाई ईश्वरविज्ञान' नावाचा एक तास जोडून देणे. त्यापेक्षा त्या दोघांना विषयाच्या आत जागा दाखवा, कारण ती तिथे पहिल्यापासून आहे. १९३५-३६ मध्ये थर्मन हिंदुस्थान, ब्रह्मदेश आणि सिलोनच्या दौऱ्यावर आले होते. कोलंबोला एका कायदेपंडिताने त्यांना तोंडावर विचारले, की ज्या धर्माच्या लोकांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम केले, त्याच धर्माचे होऊन तुम्ही इथे काय करता? जगातल्या सगळ्या काळ्या-सावळ्या लोकांशी तुम्ही द्रोह करत आहात, असे त्यांना वाटले. त्याच प्रवासात थर्मन बारडोलीला गांधींना भेटले. मघाशी ज्या १९४९ च्या पुस्तकाचा उल्लेख केला, त्याची सुरुवात कोलंबोच्या या प्रश्नापासून होते. म्हणजे ब्लॅक थिऑलॉजीच्या उगमाजवळचे एक पुस्तक एका आशियाई माणसाला दिलेले उत्तर आहे. तुमच्या श्रीलंकेच्या विद्यार्थ्याला ते पान वाचायला द्या. आणि त्या मुलीला मुक्ती बार्टन यांचे लेखन द्या. बंगालमधून आलेल्या या बाईंनी बर्मिंगहॅमच्या क्वीन्स फाउंडेशनमध्ये ब्लॅक आणि आशियाई ईश्वरविज्ञान शिकवले आणि इंग्लंडच्या चर्चमधल्या वंशभेदावर २००५ मध्ये पुस्तक लिहिले.

मुक्तीबाईंचे नाव आले म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाशी मी पोचलो. अधिकार रंगाने मिळत नाही. मिळत असता, तर तुमच्या प्राचार्यांनी तुम्हाला दिला तो योग्यच ठरला असता. तुमची खरी अडचण मला वेगळी वाटते. आपण नगरकडचे ख्रिस्ती, आपल्यापैकी बहुतेकांचे आजे-पणजे महारवाड्यातून किंवा मांगवाड्यातून मिशनच्या शाळेत आले. आपल्याला वाटते, की आम्हाला हे दुःख आतून ठाऊक आहे. ते काही अंशी खरे आहे. फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या सज्जनांना. अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बेंगळुरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात जी मांडणी सुरू केली, तिच्यातून दलित ईश्वरविज्ञान उभे राहिले, आणि बायबलच्या 'अनुवाद' या पुस्तकातले 'माझा पूर्वज भटकणारा अरामी होता' हे वचन त्यांनी आपल्या दलित पूर्वजाच्या बाजूने वाचले. हे सगळे वर्गात येऊ द्या, पण एका तासापुरते आणि नाते म्हणून, मोजपट्टी म्हणून नव्हे. जात जन्माबरोबर येते आणि आडनाव बदलून काही काळ लपवता तरी येते. कातडी लपवता येत नाही. शिवाय ज्या आशियाई घरांनी जातीचे चटके सोसले, त्याच घरांत आफ्रिकन जावयाला उंबऱ्याबाहेर ठेवल्याची उदाहरणे तुम्हालाही ठाऊक असतील. 'मी या परंपरेची वारस नाही, विद्यार्थिनी आहे. मी अमुक घरातून येते, माझ्या समाजात रंगाविषयी अमुक समजुती आहेत, आणि हे लेखक मलाही प्रश्न विचारतात,' एवढे पहिल्याच तासाला सांगायला हवे होते. अजूनही सांगता येईल. त्यासोबत महाविद्यालयाकडे लेखी मागा, की सत्रातले किमान दोन तास या विषयात काम करणाऱ्या कृष्णवर्णीय अभ्यासकांकडून घेतले जावेत, आणि त्यांना त्याचे मानधन मिळावे. 'आपुलकीने या' असे बोलावणे पाठवायचे नाही.

आता तुमच्या खोलीतल्या रडण्याविषयी. विद्यार्थी तुमच्याकडे येतात याचा तुम्हाला आनंद वाटावा, पण त्यांना दुसरीकडे कुठे जाता येत नाही, याची नोंद संस्थेने घ्यावी असे तुम्ही कधी कोणाला लिहिले आहे का? नसेल तर लिहा. दर आठवड्याला किती तास जातात ते महिनाभर वहीत टिपा, नावे न घालता, आणि ते तास कामाच्या वाटपात धरले जावेत अशी मागणी करा. विद्यार्थी काही सांगू लागला, की आधी विचारा: तुम्हाला फक्त कोणीतरी ऐकायला हवे आहे, की यावर काही व्हायला हवे आहे? दुसरे असेल, तर तारीख, ठिकाण, कोण काय म्हणाले हे त्याच्याकडूनच त्याच दिवशी लिहून घ्या आणि तक्रारीची रीतसर वाट दाखवा. त्या वाटेवर सोबत चाला, पण त्याच्या वतीने आणि त्याला न विचारता पुढे जाऊ नका. सरावासाठी मंडळ्यांत पाठवताना तर ही काळजी अधिक घ्यावी लागते. एखाद्या खेड्यातल्या मंडळीत ज्याला दर रविवारी 'तुम्ही मूळचे कुठले?' असे विचारले जाते, त्याच्या अहवालात 'मंडळीत मिसळत नाही' असा शेरा येतो, आणि तो शेरा पुढे नेमणुकीपर्यंत जातो. सरावाआधी त्या पाळकांशी बोलणे हे तुमच्या एकटीचे काम नाही. ते सराव ठरवणाऱ्यांचे काम आहे, आणि ते त्यांच्याकडे सोपवा.

संस्था ऐकेल का? तुमचे महाविद्यालय कोणत्या चर्चचे ते तुम्ही लिहिलेले नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या कार्यगटाने २०२१ मध्ये ४७ कृती सुचवल्या, आणि सुचवताना हेही मान्य केले, की १९८५ पासून अशाच दीडशेहून अधिक शिफारशी झाल्या आहेत. त्यामुळे अहवालांवर विसंबून राहू नका; वाचनयादी, निकष, परीक्षक, सराव या चार ठिकाणी तुमचा हात पोचतो, तिथे जोर लावा. जुन्या कराराच्या तुमच्या मूळ विषयाच्या वाचनयादीत किती कृष्णवर्णीय आणि आशियाई भाष्यकार आहेत, ते आधी पाहा. ब्लॅक थिऑलॉजी एका खोलीत शिकवायची आणि शेजारच्या खोलीत हागार नुसती सारेची दासी म्हणून राहायची, हे तुम्हालाच चालणार नाही.

इंग्लंडमध्ये या अडचणीत सापडलेल्या पहिल्या मराठी बाई तुम्ही नाही. पंडिता रमाबाई १८८३ ते १८८६ या काळात वाँटेज आणि चेल्टनहॅमला होत्या. त्यांनी पुरुषांना शिकवावे का हा विषय निघाला, तेव्हा हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. ज्या सिस्टर जेराल्डीनना त्या मायेने 'आजीबाई' म्हणत, त्यांनाच त्यांनी लिहिले, की मला माझी सदसद्विवेकबुद्धी आहे आणि माझा विचार मला स्वतःला करायचा आहे. क्रुसावर लॅटिन अक्षरे होती, तेव्हा आमच्या संस्कृतपेक्षा लॅटिनमध्ये अधिक पवित्र असे काय आहे, असेही विचारले. ही पत्रे शोधून वाचा. पटो न पटो, झोप लागत नसलेल्या रात्री ती चांगली सोबत करतात. रमाबाई भांडतही होत्या आणि 'आजीबाई' म्हणणेही त्यांनी सोडले नव्हते.

शेवटी त्या जमैकन घराण्यातल्या मुलीविषयी, जी पुढच्या तासाला आली नाही. तिला बोलावून घेऊन 'तुला काय वाटले' असे विचारू नका. तो तिच्याकडून घेतलेला आणखी एक तास होईल. माझे उत्तर छापून येईपर्यंत थांबलाही असाल, तर आज संध्याकाळीच तिला एवढ्याच ओळी पाठवा: 'त्या दिवशीचा प्रश्न मला विचारलेला होता आणि उत्तर मी द्यायला हवे होते, ते मी दिले नाही. पुढच्या तासाला देणार आहे. त्यासाठी काय वाचायचे ते सोबत पाठवत आहे. तुम्ही आलात तर मला आनंद होईल, आणि तुम्हाला बोलावेसे वाटले नाही तर कोणीही तुम्हाला बोलायला लावणार नाही.'